अॅम्बॅसेडरखाली तेलाचा डाग: इंजिन उतरवण्याआधी काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांची १९८४ची मार्क ४ अॅम्बॅसेडर, पेट्रोल, काही वर्षं नाशिकला इमारतीच्या पार्किंगमध्ये नुसती उभी होती. आता ती चालू झालीये. सकाळी पहिला सेल्फ मारला की निळा धूर येतो. गाडी चांगली तापल्यावर सिग्नलला थांबली की ऑइलचा दिवा लुकलुकतो. रात्रभर उभी राहिली की खाली तळहाताएवढा डाग पडतो. गॅरेजवाल्यांनी वाकून बघितलं आणि सांगितलं, 'मागचं सील गेलंय, इंजिन उतरवावं लागेल, आणि उतरवलंच आहे तर फुल इंजिन करून घ्या.' हे खरं मानायचं का, आणि इंजिनात अजून किती दम आहे हे घरच्या घरी कळतं का, असं तुम्ही विचारलंय.

आत्ता इंजिन उतरवू नका. धूर, दिवा आणि डाग या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्या तिघींना मिळून एकच महागडा इलाज सुचवला गेलाय. तिन्हींची कारणं एकच असू शकतात, तशी ती पूर्ण वेगळीही असू शकतात. ते मोजून ठरतं, वाकून बघून ठरत नाही.

मी गाडी पाहिलेली नाही, त्यामुळे काही गोष्टी गृहीत धरतोय. तुमच्या गाडीत मूळचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आहे असं समजतो. मधल्या काळात कुणी इसुझूचं १८०० सीसी किंवा डिझेल इंजिन बसवलं असेल, तर खाली मागच्या सीलबद्दल आणि कंप्रेशनच्या (सिलिंडरमध्ये तयार होणाऱ्या दाबाच्या) आकड्यांबद्दल जे लिहिलंय ते तुम्हाला लागू नाही. आधी कुणी बोअर करून मोठे पिस्टन टाकलेत का, हेही मला माहीत नाही. जुनी बिलं घरात असतील तर शोधून ठेवा, त्यांचा पुढे उपयोग होईल.

सुरुवात 'मागचं सील' याच्यापासून करतो, कारण सगळा खर्च त्या दोन शब्दांवर उभा आहे. हे इंजिन मुळात बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं बी-सिरीज. हेच १४८९ सीसीचं इंजिन १९५५ साली आलेल्या एमजीए या स्पोर्ट्‌स गाडीतही होतं. तीन मेन बेअरिंगच्या या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या टोकाला आजच्यासारखं रबरी सील नाहीच. क्रँकवरच एक उलट्या दिशेचा आटा कापलेला असतो आणि त्याच्याभोवती अगदी थोडी फट ठेवून घर असतं. क्रँक फिरतो तेव्हा तो आटा बाहेर येऊ पाहणारं तेल परत आत ढकलतो. इंजिन बंद केलं की ढकलणं थांबतं आणि तिथे राहिलेले चार थेंब खाली येतात. म्हणजे नव्या कोऱ्या अॅम्बॅसेडरनेही गाडी लावल्यावर थोडं तेल टाकलं तर तो बिघाड नव्हता, रचनाच तशी होती. म्हणून 'सील गेलंय' हे वाक्य या इंजिनाला नीट लागूच होत नाही. तिथून जास्त तेल येत असेल, तर एक तर आट्याभोवतीची फट वाढलीये (मेन बेअरिंग झिजली की क्रँक खाली बसतो आणि फट वाढते), किंवा आतून कुणीतरी तेलाला बाहेर ढकलतंय.

हे आतून ढकलणं म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेत बॅक कंप्रेशन. पिस्टनभोवतीच्या रिंगांमधून थोडा गॅस प्रत्येक इंजिनात खाली उतरतो. तो बाहेर जायला ब्रीदर दिलेला असतो. ब्रीदर मोकळा असेल तर काही त्रास नाही. तो चोंदला, की तोच गॅस चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं तिथे) दाब धरतो आणि मिळेल त्या फटीतून तेलासकट बाहेर पडतो. मागचा आटा, इंजिनाच्या पुढचं टायमिंग कव्हर, वरचं टॅपेट कव्हर, डिपस्टिकचं भोक, सगळीकडून एकदमच गळायला लागतं. लोक मग एकेक पॅकिंग बदलत बसतात. म्हणून माझ्याकडे जुनी गाडी गळतीसाठी आली की पान्याला हात लावण्याआधी मी ब्रीदर बघतो.

गळतीच्या शोधात तुम्हीही तिथूनच सुरू करा. ड्रायव्हरच्या सीटवर बसल्यावर जी डावी बाजू, ती इंजिनाची डावी बाजू धरा. त्या बाजूला इनलेट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आहेत, आणि मॅनिफोल्डच्या खाली ब्लॉकवर पत्र्याची दोन झाकणं आहेत. ब्रीदरचा पाइप पुढच्या झाकणातून निघतो. गाडी थंड असताना तो काढा, केरोसीनमध्ये भिजवा, आतून तार फिरवा. काही वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत त्यात काळं मेणासारखं साचलेलं हमखास सापडतं, कधी कधी गांधीलमाशीचं मातीचं घरही. वरच्या टॅपेट कव्हरवरच्या ऑइल भरायच्या झाकणात तारेची जाळी असेल तर तीही धुऊन काढा, कारण हवा आत येण्याची वाट तीच आहे. ब्रीदरमधून तेलाची वाफ येते म्हणून कुणी त्यात बोळा कोंबलेला किंवा पाइप बांधून टाकलेला असेल, तर तो आधी काढा.

आता गाडी चालवून नीट तापवा, न्यूट्रलला ठेवा आणि ऑइलचं झाकण उघडून बघा. हलकी वाफ आणि थोडी फुंकर येणारच. पण एका लयीत जोरात निळसर धूर बाहेर येत असेल आणि रेस दिल्यावर तो वाढत असेल, तर रिंगांवर संशय घ्यायला जागा आहे. मग एकेका प्लगची वायर, इन्सुलेटेड चिमट्याने, क्षणभर काढून बघा. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर ब्रीदरचा धूर स्पष्ट कमी होतो, गॅस तिथून उतरतोय.

यानंतर कंप्रेशन. त्याआधी टॅपेट सेट करून घ्या, म्हणजे व्हॉल्व्हची फट मापात आणा, नाहीतर आकडे फसवतात. घट्ट बसलेला एक व्हॉल्व्हसुद्धा चांगल्या सिलिंडरला आजारी दाखवतो. या इंजिनाचा गॅप ०.०१५ इंच. व्हॉल्व्ह पुढून मागे एक ते आठ मोजा. जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असेल त्याचा नंबर नवातून वजा करा, जो नंबर उरेल तो सेट करायचा. आठवा उघडा असेल तर पहिला, तिसरा उघडा असेल तर सहावा. मग गाडी तापवा, चारही प्लग काढा, कॉइलची वायर काढून ठेवा, कुणाला तरी अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला सांगा आणि एकेका प्लगच्या भोकात कंप्रेशन गेज लावून प्रत्येक सिलिंडरला सारखाच, सहा-सात फेऱ्यांचा सेल्फ मारा. बॅटरी चांगली चार्ज असू द्या. शेवटच्या सिलिंडरला सेल्फ दमला तर तो सिलिंडर विनाकारण बदनाम होतो.

या इंजिनाचा कंप्रेशन रेशो कमी आहे, त्यामुळे आजच्या गाड्यांचे आकडे मनात धरू नका. चारही ११५ ते १३० पीएसआयच्या दरम्यान असतील तर मी खूश असतो. चारही १०५ असतील तरी मी गाडी बिनधास्त चालवू देतो. मला काळजी वाटते ती चौघांमधल्या फरकाची. समजा आकडे १२२, ११८, ८५, १२० असे आले. आता तिसऱ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. ८५चे ११० झाले, तर तेलाने रिंगांची फट तात्पुरती भरली, म्हणजे दोष खाली आहे. ८५चे ८८च झाले, तर गॅस व्हॉल्व्हमधून जातोय, म्हणजे हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवून काम होईल, इंजिन जागेवर राहील. दुसरा आणि तिसरा असे शेजारचे दोन्ही कमी आले तर दोघांच्या मधलं हेड गॅस्केट बघा. खर्चाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची चाचणी हीच आहे. हेडचं काम आणि फुल इंजिन यांच्यात केवढा फरक पडतो ते वेगळं सांगायला नको.

उभ्या राहिलेल्या गाडीच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगतो. रिंगा खाचेत चिकटून बसलेल्या असतात. पहिल्यांदा मोजताना कंप्रेशन कमी आलं तरी निर्णय घेऊ नका. नवीन ऑइल आणि फिल्टर टाका, महिनाभर गाडी रोज थोडी लांब, नीट तापेपर्यंत चालवा आणि पुन्हा मोजा. अशा रिंगा मोकळ्या होऊन आकडे वर आलेले मी बऱ्याच गाड्यांत पाहिले आहेत. तेच रबर आणि कॉर्कच्या पॅकिंगचं. वाळून आकसलेली पॅकिंग तेल पिऊन थोडी फुगतात आणि काही गळत्या आपोआप कमी होतात.

धुराकडे येऊ. तुमचा धूर सकाळी पहिल्या सेल्फला येतो आणि मग जातो, असं तुम्ही लिहिलंय. ही बहुतेक वेळा व्हॉल्व्ह गाइडची (व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीत सरकतो तिची) आणि व्हॉल्व्हच्या दांड्यावरच्या छोट्या रबरी सीलची खूण. रात्रभर वरचं तेल गाइडमधून थेंब थेंब सिलिंडरमध्ये उतरतं आणि सकाळी जळतं. खात्री करायची असेल तर कसारा घाट उतरताना अॅक्सिलरेटर सोडून गिअरवर गाडी उतरवा आणि खाली आल्यावर पाय द्या. मागे निळा फुगा सुटला तर गाइड. हाच घाट चढताना, इंजिनावर ताण असताना, सतत निळा धूर येत राहिला आणि ब्रीदरही मारत असेल, म्हणजे जोरात धूर टाकत असेल, तर रिंगा. गाइडचा सकाळचा धूर मी वर्षानुवर्षं चालवून घ्यायला सांगतो. त्याने इंजिन मरत नाही. हजार किलोमीटरला किती ऑइल टाकावं लागतं ते एका वहीत लिहा. अर्ध्या लिटरपर्यंत मी लक्ष देत नाही. एक लिटरच्या पुढे गेलं की हेड उतरवायचा विचार करतो.

तिसरी तक्रार दिव्याची, आणि तिघींत मला हिचीच घाई वाटते. गळतीने डाग पडतो, पण ऑइल प्रेशर गेलं तर बेअरिंग जातात. दिव्यावर विसंबू नका, त्याचा स्विचही जुना असतो. स्विच काढून त्याच आट्यात यांत्रिक प्रेशर गेज लावून घ्या. बऱ्या गॅरेजमध्ये ते असतं. पूर्ण तापलेल्या इंजिनाला रस्त्यावरच्या वेगाच्या रेसला ५०च्या आसपास आणि आयडलिंगला १५ पीएसआयच्या वर मिळालं, तर स्विच बदला आणि विषय संपवा. आयडलिंगला १५च्या खूप खाली येत असेल, तर स्वस्त कारणं आधी तपासा. आत कोणतं ऑइल आहे? कुणी आजच्या गाड्यांचं पातळ ५डब्ल्यू-३० ओतलं असेल तर या इंजिनात प्रेशर पडणारच. इथे २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० हवं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतोय का, पातळी न भरताच वाढलीये का? तसं असेल तर कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय किंवा इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटलाय आणि पेट्रोल चेंबरमध्ये उतरतंय. आता पंपावर मिळणारं ई-२० पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही, त्यामुळे हे हल्ली जास्त दिसतं. असं असेल तर ते तेल बदलेपर्यंत इंजिन चालूच करू नका.

मग प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह. ब्लॉकच्या डाव्या बाजूला अगदी मागे गोल टोपीचा एक मोठा नट आहे, त्याच्या आत स्प्रिंग आणि छोटा प्लंजर असतो. प्लंजरच्या तोंडाशी कचरा अडकला की तेल तिथूनच परत चेंबरमध्ये पळतं. उघडा, पुसा, बसवा. हे सगळं करूनही प्रेशर कमी, आणि चढावर इंजिन खालून पोकळ ठोका देतंय, असं असेल तर मात्र बेअरिंग बघायला हवीत. तेव्हा तुमचे गॅरेजवाले बरोबर ठरतील आणि मीही उतरवा म्हणेन.

आता तो डाग. गळती शोधताना चूक एकच होते, थेंब जिथे पडतो तिथे दोष मानला जातो. तेल वरून खाली येतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं. त्यामुळे पुढची आणि वरची प्रत्येक गळती अखेर इंजिनाच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात, बेल हाउसिंगजवळ (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या, क्लचच्या घराजवळ) येऊन टपकते आणि खालून बघणाऱ्याला 'मागचं सील' दिसतं. या इंजिनात तर मागच्या बाजूला तेल पाठवणारे तिघे डावीकडेच बसलेत. मॅनिफोल्डखालची दोन झाकणं आणि तो रिलीफ व्हॉल्व्हचा नट. ती झाकणं एक्झॉस्टच्या उष्णतेत असल्यामुळे त्यांचं कॉर्क भाजून कडक होतं, आणि मॅनिफोल्ड आड येत असल्यामुळे तिकडे कुणी बघतही नाही. माझा पहिला संशय त्यांच्यावरच आहे.

पद्धत अशी. इंजिन थंड असताना केरोसीन आणि ब्रशने सगळं धुऊन घ्या, डिस्ट्रिब्युटर आणि डायनामो किंवा अल्टरनेटर प्लास्टिकने झाकून. पूर्ण वाळू द्या. केरोसीन ओलं असताना इंजिन सुरू करू नका. मग टॅपेट कव्हरच्या कडेला, दोन्ही साइड झाकणांभोवती, टायमिंग कव्हरखाली आणि चेंबरच्या जोडावर टाल्कम पावडर फुंका. दहा मिनिटं जागेवर चालवा, बंद करा, टॉर्च घेऊन वरून खाली बघा. पांढऱ्यावर पहिली काळी रेघ जिथे उमटते तो उगम. काही दिसलं नाही तर पाच किलोमीटर फिरवून पुन्हा. खाली जायचं असेल तर गाडी पक्क्या स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकखाली कधीही जाऊ नका.

बेल हाउसिंगच्या तळाशी एक भोक असतं आणि त्यात एक स्प्लिट पिन सैल लटकत असते. ती हलत राहते म्हणून भोक चिखलाने बुजत नाही. ही पिन काढून टाकलेली असेल तर परत घाला. बाहेरून सगळं कोरडं असूनही या भोकातून थेंब येत असेल, तर तेल खरोखर आतलं आहे, मागच्या आट्याचं किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या टोकाचं. थेंब बोटावर घ्या. काळं असेल तर इंजिनाचं, मधासारखं स्वच्छ असेल तर गिअरबॉक्सचं.

रात्री खाली पुठ्ठा ठेवा, त्यावर चाकांच्या जागा आणि पुढची बाजू पेनाने आखा. आठवडाभर रोज नवा पुठ्ठा. तुमचं पार्किंग उताराचं आहे का, तेही बघा. नाक वर करून उभी केलेली गाडी चेंबरमधलं तेल मागे जमवते आणि त्या आट्यातून जास्त गळते. तीच गाडी एक आठवडा सपाट जागी लावली की डाग निम्म्यावर आलेला दिसू शकतो. तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या वर भरलेलं असेल तरी हेच होतं.

चालू इंजिनातच येणारी आणि बंद केल्यावर थांबणारी गळती दिसली, तर ती दाबाखालच्या जागेची समजा. ऑइल स्विच, फिल्टर, त्याचा पाइप. ही लगेच बंद करा, तिथून चेंबर रिकामं व्हायला वेळ लागत नाही. फिल्टर बाऊलचा असेल तर खाचेत जुनी रबरी रिंग तशीच ठेवून तिच्यावर नवी बसवलेली सापडते, खिळ्याने टोचून जुनी काढा.

दुरुस्ती करताना पॅकिंगवर सिलिकॉन थापू नका. आत सुटलेले त्याचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. साइड झाकणं मध्ये एकाच बोल्टवर असतात. जोरात आवळली की पत्रा मध्ये खचतो आणि कडा उचलल्या जातात, मग कितीही नवं कॉर्क घाला, गळतंच. जुनं झाकण सपाट काचेवर ठेवून बघा, वाकलेली कड हलक्या हातोडीने सरळ करा, बोल्टखालचा वॉशर नवा टाका आणि कॉर्क दबल्याचं दिसलं की थांबा. वरच्या टॅपेट कव्हरलाही हेच लागू. टायमिंग कव्हर काढलंत तर नवं सील बसवण्याआधी पुलीच्या दांड्यावर नख फिरवा. खाच लागली तर नवं सील तिथे टिकणार नाही, आधी तिच्यावर स्लीव्ह घालून घ्या. आणि कव्हर आवळण्याआधी पुली आत घालून सील मध्यावर आणा.

इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवायचं कारण मला तीनच ठिकाणी पटतं. बेल हाउसिंगमधून येणाऱ्या तेलाने क्लच घसरायला लागला तर. वरची सगळी स्वस्त कारणं संपल्यावरही तापलेल्या इंजिनाचं प्रेशर पडत असेल तर. किंवा महिनाभर चालवूनही कोरड्या-ओल्या (तेल सोडण्याआधीच्या आणि नंतरच्या) कंप्रेशनचा फरक मोठा आणि ब्रीदर मारतोच असेल तर. तुमच्या वर्णनात अजून यातलं एकही सिद्ध झालेलं नाही.

क्रम असा ठेवा. आधी गेज लावून प्रेशर, कारण त्यावर गाडी चालवायची की नाही ते ठरतं. मग ऑइल, फिल्टर आणि ब्रीदर. मग टॅपेट आणि कंप्रेशन. पावडर सगळ्यात शेवटी, कारण ब्रीदर मोकळा झाल्यावर काय उरतं तेच शोधायचंय. गेजचे गरम इंजिनाचे दोन आकडे, कंप्रेशनचे चार कोरडे आणि चार ओले आकडे, आणि आठवड्याच्या पुठ्ठ्यांचे फोटो पाठवा. हेड उतरवायचं की नुसती डावीकडची दोन झाकणं, ते त्यावरून सांगतो.